दारात उभी गाडी

थोरला गेल्यापासून घोडागाडी दाराशी उन्हात उभी होती, आणि ती आत ओढून घ्यावी हे घरातल्या दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. दोघं म्हणजे थोरल्याची बायको आणि त्याचा धाकटा भाऊ, जो सुतार होता. सुतार रोज सकाळी गाडीला वळसा घालून शेडमध्ये जायचा आणि संध्याकाळी वळसा घालून परत यायचा. वहिनी गाडीच्या दांडीवर धुणं वाळत घालायची. शेळीने मात्र गाडी मनावर घेतली होती. आधी तिने टपाच्या झालरी खाल्ल्या, मग बैठकीचं कातडं फाडून आतला काथ्या ओढून ओढून चघळला. लंगड्या कोंबडीने गाडीवानाच्या बैठकीखालचं खोकं पसंत केलं आणि तिथे ती अंड्यांवर बसली. गाडीचा कुणाला काही उपयोग होत असेल तर तो या दोघींनाच होत होता.

गेल्या साली पावसाने तोंड दाखवलं नव्हतं आणि यंदाच्या उन्हाने सगळ्याचाच रस शोषून घेतला होता. विहिरीच्या तळाशी दगड उघडे पडले होते. टँकर यायचा तेव्हा माणशी दोन हंडे मिळायचे, आणि घोडीला माणसांत धरत नाहीत, त्यामुळे तिचं पाणी या दोघांच्या वाट्यातून जायचं. लाकडाचीही तीच गत होती. शेडमध्ये रचलेल्या फळ्या दुपारी तडतडायच्या, आणि दाराशी उभ्या गाडीची चाकं आतल्या आत आकसत चालली होती.

घोड्यांचा दलाल आला तो थेट शेडमध्ये शिरला. शेडच्या एका टोकाला सुताराचं काम चालायचं आणि दुसऱ्या टोकाला, फळ्यांच्या आडोशापलीकडे, घोडी बांधलेली असायची. थोरल्याने तिचं नाव मालकीण ठेवलं होतं. कुणी भाड्याला विचारलं की तो म्हणायचा, "मालकिणीला विचारून सांगतो," आणि खरोखरच तिच्या कानाशी तोंड न्यायचा. गिऱ्हाईक हसत हसत गाडीत चढायचं.

दलालाने तिचा ओठ वर करून दात बघितले, मग खालच्या पायावरून हात फिरवला. विचारलं कुणालाच नाही.

"वय झालंय हिचं," तो म्हणाला.

"हं," सुतार म्हणाला.

"चारा कुठून आणता?"

"मिळेल तिथून."

"म्हणजे मिळत नाही. फासळ्या मोजून घ्याव्यात अशी झालीय. मी नेतो हिला. तुमच्याही डोक्याचा ताप जाईल."

"हं."

भाऊ गेल्यापासून सुताराला कशाचंच काही वाटत नव्हतं. कुणी कसं काय विचारलं तरी हं, दाराची चौकट हवी म्हटलं तरी हं, चौकट वाकडी झाली म्हटलं तरी हं. आपल्याला रडू आलं नाही हे त्याला माहीत होतं, आणि ते लोकांनीही बघून ठेवलंय हेही माहीत होतं. अंगावरून गाडी गेलेल्या माणसाला आधी काही दुखत नाही, तसं असेल, असं तो स्वतःला सांगायचा. पण आता बरेच दिवस झाले होते, आणि अजूनही काही दुखत नव्हतं.

"घोडी द्यायची नाही," दारातून वहिनी म्हणाली.

दलाल वळला. "मग खायला काय घालणार, वहिनी? वारा?"

"गाडी चालायला लागली की तिचं ती मिळवेल."

"कुठली गाडी? ही?" दलाल बाहेर गेला आणि त्याने चाकाला पायाने ढोसलं. चाकावरची लोखंडी धाव सैल बांगडीसारखी खळखळली. टपाखालून शेळीने डोकं बाहेर काढलं. दलाल पोट धरून हसला.

वहिनी त्याचं हसून व्हायची वाट बघत उभी राहिली. मग म्हणाली, "टेकडीवरच्या वस्तीत मोटार चढत नाही. तिथली पोरं शाळेला आणायची-न्यायची आहेत. मास्तरीणबाईंशी बोलले मी. शाळा उघडायच्या आत गाडी रस्त्यावर आली तर ते काम आपलं. नाही आली, तर तुम्ही दोर घेऊन या."

"आणि चालवणार कोण? भावजी तुमचे?"

"मी."

दलालाने सुताराकडे बघितलं. सुताराने हातातल्या पटाशीकडे बघितलं.

तो गेल्यावर सुतार म्हणाला, "वहिनी, तुमचे भाऊ येणार होते ना न्यायला?"

"त्यालाही हेच कळवलंय. गाडी चालली तर मी इथे राहते. नाही चालली तर जाते त्याच्याकडे. तुमच्याच्याने होणार का नाही, तेवढं सांगा."

भावाच्या घरी तिची जागा आधीच ठरलेली होती. मोरीशेजारची खोली, भावजयीची पोरं आणि दुसऱ्याच्या हाताकडे बघत काढायचे दिवस. इथे राहावं, तर विधवा वहिनी आणि बिनलग्नाचा दीर एका छपराखाली म्हटल्यावर लोकांच्या जिभेला हाड नव्हतंच. हातात स्वतःचं काम असेल तरच ती मान वर करून राहू शकणार होती. हे सुताराला सगळं कळत होतं. कळत होतं, पण आत कुठे पोचत नव्हतं.

"हं," तो म्हणाला. मग त्याला वाटलं की एवढ्यावर भागणार नाही. "बघतो. चाकं काढतो आधी."

त्या दिवशी दोघांनी गाडी ओढून शेडमध्ये घेतली.

चाकांची अवस्था दिसत होती त्याहून वाईट होती. मधल्या तुंब्यातून निघालेले आरे हाताने हलवले तर दुधाच्या दातासारखे हलत होते, आणि आऱ्यांवर बसवलेल्या गोलाईच्या पुठ्ठ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. दोन आरे तर बुंध्याशी चिरलेच होते. सुताराने ते ठोकून काढले आणि नवे तासायला घेतले. रंधा, कानस, पुन्हा रंधा. हात आपले आपण चालत होते. हातांना कुणी सांगितलं नव्हतं की घरात काय झालंय.

वहिनी बैठकीचं काम करायला शेडमध्ये येऊन बसायची. जुनं कातडं आधी पाण्यात भिजवून, मग तेल लावून मऊ करायचं, शेळीने शिल्लक ठेवलेला काथ्या पिंजून पुन्हा भरायचा, दाभणाने टाके घालायचे. दाभण बोटात शिरलं तरी ती हूं का चूं करायची नाही. बोट तोंडात धरायची आणि पुढचा टाका घालायची. लगामाचा पट्टा थोरल्याच्या हाताच्या जागी काळा, गुळगुळीत झाला होता. तिने सगळ्या पट्ट्यांना तेल लावलं, तेवढ्या भागाला लावलं नाही.

"खोकं कधी मोकळं करायचं?" सुताराने एकदा विचारलं. खोक्यातली कोंबडी त्याच्या हातावर चोच मारत होती.

"पिल्लं निघू द्या."

"शाळा उघडायची आहे."

"तिला सांगा तसं."

थोरला असता तर त्याने खरंच सांगितलं असतं. दोघांच्याही मनात ते एकाच वेळी आलं. सुताराने कोंबडीला धक्का न लावता खोक्याच्या चारी बाजूंना रंग दिला. तिच्या शेपटीला निळा पट्टा लागला तो लागलाच.

थोरल्याला गाडीवर झोपायची सवय होती. मालकिणीला रस्ता पाठ, त्यामुळे तो टेकडी उतरला की लगाम मांडीवर टाकायचा, मान छातीवर टेकवायचा आणि डुलक्या घेत घरी पोचायचा. घोडी दाराशी येऊन थांबायची. मग सुतार शेडमधून ओरडायचा, "उतर की आता, तिला उन्हात किती ताटकळत ठेवशील!" आणि थोरला दचकून जागा व्हायचा आणि म्हणायचा, "झोपलो कुठे होतो? विचार करत होतो." हा रोजचा खेळ होता.

त्या दिवशीही टापा वाजल्या, गाडी थांबली, आणि सुतार ओरडला. ओ आली नाही. सुताराच्या हाताखाली दाराची एक लांबलचक फळी होती आणि रंधा छान लागला होता. ढलप्या अखंड निघत होत्या. त्याने दारातून एक नजर टाकली. भाऊ बसलेला, मान खाली, लगाम सैल. त्याने फळी पुरी केली. ती उलटून दुसरी बाजूही केली. मग वहिनी बाहेर आली आणि तिने नवऱ्याची बाही ओढली.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. रस्त्यात पडलं का दारात, हे काही सांगता यायचं नाही. लोकांनी रस्त्यातच गेला असं धरलं, कारण घोडीने मालकाला घरी आणून पोचवलं ही गोष्ट सांगायला बरी वाटते. सुताराने ती फळी कुणालाच दिली नाही. शेडच्या भिंतीला टेकवून ठेवली होती, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत.

आरे बसले, पुठ्ठे बसले, आता राहिलं धावेचं काम. लोहार येऊन दोरीने चाकांची मापं घेऊन गेला. धाव कापून, जोडून, थोडी आखूड करायची. मग ती लालभडक तापवून लाकडावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि सगळं चाक एका मुठीत आल्यासारखं घट्ट होतं. पण पाणी भरपूर लागतं आणि एकदम लागतं. कमी पडलं तर लोखंड थंड व्हायच्या आत लाकूड जळतं, आणि महिन्याची मेहनत चुलीत घालायच्या लायकीची होते.

"पाणी कुठून आणणार?" लोहाराने विचारलं. "नदीकडे बघू नका. नदीलाच पाणी पाजायची वेळ आलीय."

त्यांनी पिंप भरायला घेतलं. रोजच्या हंड्यांतला एक तांब्या, मग दोन. अंघोळी ओल्या फडक्यावर आल्या. वहिनी भांडी राखेने घासायची आणि कोरड्या फडक्याने पुसायची. सुताराचे ओठ फुटले होते, जिभेवर लाकडाचा भुसा बसलेला असायचा, आणि पिंपाजवळून जाताना तो मान फिरवायचा. एक हौदाएवढं पिंप काठोकाठ भरेपर्यंत कोंबडीची पिल्लं निघून शेडभर फिरायला लागली होती.

लोहार आपला भाता घेऊन सकाळीच आला. अंगणात लाकडं रचली, धावा त्यांत ठेवल्या, आणि जाळ केला. उन्हात जाळ दिसत नव्हता, नुसती हवा थरथरत होती. पहिली धाव लाल झाली. सुतार आणि लोहार दोघांनी सांडशीत धरून ती चाकावर आणली, ठोकून खाली बसवली. लाकूड पेटलं, धूर डोळ्यांत गेला. "पाणी!" लोहार ओरडला.

वहिनी बादली घेऊन पिंपाकडे धावली आणि तिथेच थांबली.

पिंप निम्मं रिकामं होतं. काठाला फेस लागला होता आणि पाण्यावर गवताच्या काड्या तरंगत होत्या. पलीकडे मालकीण सुटी उभी होती. तिची हनुवटी ओली होती आणि पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं होतं. रात्री दावं सुताराने बांधलं होतं. की बांधलंच नव्हतं, हे त्याला आता काही केल्या आठवेना.

"बघता काय! ओता आहे ते!" लोहार गरजला.

त्यांनी ओतलं. चाक फुसफुसलं, वाफेत माणसं दिसेनाशी झाली, आणि आतून एकेक सांधा आवळल्याचा आवाज यायला लागला, कट, कट, कट. पहिलं चाक वाचलं. दुसरी धाव जाळात लाल होऊन पडलेली, आणि पिंपाच्या तळाशी दोन बादल्या.

"दुसरं उद्या करू," सुतार म्हणाला.

"उद्या माझं दुसरीकडे काम आहे. आणि लाकडं काय रोज जाळणार? करायचं असेल तर आत्ता, नाहीतर सोडा."

सुतार नुसता उभा राहिला. त्याच्या मनात आलं की झालं, संपलं, दलाल दोर घेऊन येईल, वहिनी भावाकडे जाईल, शेडमध्ये आपण एकटे उरू आणि मग कुणाशी हं म्हणायचीही गरज उरणार नाही. त्या विचारात एक प्रकारचा आरामच होता.

वहिनी घरात गेली. बाहेर आली ती हंडा घेऊन. प्यायच्या पाण्याचा. तो ठेवून परत गेली आणि कळशी आणली. मग कातडं भिजवलेली घमेली, पीठ मळायला काढून ठेवलेलं पातेलं, कोंबड्यांची परळ, देवळीतला तांब्या. घरात ओलं म्हणून जे होतं ते सगळं तिने अंगणात मांडलं.

"चला," ती म्हणाली.

दुसरी धाव चढली. पाणी, मग कातड्याचं तपकिरी पाणी, मग परळीतलं, सगळ्यात शेवटी तांब्यातलं. एका पुठ्ठ्यावर तळहाताएवढा काळा डाग पडला, पण चाक बोलायला लागलं, कट, कट, आणि घट्ट झालं. लोहार भुईवर बसला. "एक घोट पाणी द्या," तो सवयीने म्हणाला, आणि मग स्वतःच हसत सुटला. टँकर दुसऱ्या दिवशी यायचा होता. तोवर घरात फक्त घोडीची तहान भागलेली होती.

शाळा उघडायला थोडे दिवस राहिले असताना त्यांनी मालकिणीला जुंपलं. दांड्यांमध्ये ती स्वतःहून मागे सरकत गेली, जशी काही सुट्टी संपली होती. सुतार बैठकीवर चढला, लगाम हातात आवळून धरला, आणि म्हणाला, "चल."

घोडी हलली नाही. त्याने जिभेने टकटक केलं. लगाम हिसकला. खाली उतरून तोंडाला धरून ओढलं. रस्त्यावर माणसं थांबायला लागली. दलालही कुठूनसा उगवला आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"मी म्हटलं नव्हतं? म्हातारी झालीय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ढकला आता मागून! शाळेतली पोरं ढकलतील!"

लोक हसले. सुताराचे कान तापले, आणि तो पुन्हा चढून लगाम आणखी आवळायला लागला.

"उतरा भावजी," वहिनी म्हणाली.

ती चढली. तिने आयुष्यात कधी लगाम हातात धरला नव्हता. तिने तो उचलला, त्या काळ्या, गुळगुळीत जागेवरून एकदा अंगठा फिरवला, आणि मांडीवर टाकून दिला. मग मान जराशी खाली घातली.

मालकीण चालायला लागली.

आवळला लगाम म्हणजे थांब, एवढंच त्या जनावराला माहीत होतं. थोरल्याने दुसरं काही शिकवलंच नव्हतं. सुतार गाडीबरोबर चालत राहिला, नव्या आऱ्यांकडे बघत. चाकं सरळ फिरत होती. आपल्याला आनंद व्हायला हवा, असं त्याच्या मनात आलं.

शाळा उघडली त्या सकाळी वहिनी फटफटतानाच गाडी घेऊन गेली. खोक्यात पोरांसाठी पाण्याची कळशी ठेवलेली होती. सुतार शेडमध्ये कामाला लागला. एका गिऱ्हाइकाला फळी हवी होती आणि लाकूड संपलं होतं, म्हणून त्याने भिंतीला टेकवलेली ती जुनी फळी घेतली. तिला जरासा बाक आला होता. त्याने रंधा लावला. ढलप्या अखंड निघायला लागल्या.

दुपारी टापा वाजल्या आणि गाडी दाराशी थांबली.

तो वाट बघत राहिला. पायरी वाजली नाही. कडी वाजली नाही. "वहिनी?" त्याने हाक मारली. ओ आली नाही.

हात सवयीने पुढे गेले, रंधा आणखी एकदा फळीवरून सरकला. मग हात थांबले. त्याने रंधा टाकला तो पायावर पडला, ते त्याला कळलंही नाही. तो शेळीला धडकत, पिल्लं उधळत बाहेर धावला.

ती बैठकीवर होती. उन्हासाठी डोक्यावरून फडकं ओढलेलं, मान खाली, लगाम मांडीवर सैल.

"वहिनी! वहिनी!" त्याने तिची बाही धरून जोरात ओढली.

फडकं मागे पडलं. "जागी आहे मी, भावजी," ती म्हणाली.

त्याला बाही सोडता येईना.

"ऐकत बसले होते," ती म्हणाली. "इथून रंधा ऐकू येतो का, ते."

तिने शेडकडे बघितलं.

"येतो. चांगला येतो."

"मी हाक मारली होती त्या दिवशी," तो म्हणाला. "ओ आली नाही. तरी मी फळी पुरी केली, वहिनी. दोन्ही बाजू केल्या."

"माहीत आहे. तुमची हाक मलाही ऐकू आली होती. दूध तापत होतं चुलीवर. म्हटलं, होऊ दे, मग जाते." तिने लगाम गुंडाळून बाजूला ठेवला. "इथवर आले असतील जिवंत, तर घरी आलो हे कळलं असेल त्यांना. रंधा चालू होता."

सुतार खाली बसला. त्याने चाकाला धरलं, काळा डाग होता तिथेच, आणि कपाळ आऱ्यावर टेकवलं. मग तो रडायला लागला, तोंड उघडून, मोठ्याने, रस्त्यावरून माणसं जात असताना. पायाचा अंगठा आता भयंकर दुखत होता.

वहिनी दुसऱ्या बाजूने उतरली. तिचेही डोळे वाहत होते, पण ती थांबली नाही. तिने एकेक पट्टा सोडवून मालकिणीला दांड्यांमधून बाहेर काढलं.

"तुम्ही बसा," ती जाता जाता म्हणाली. "मी हिला पाणी दाखवते. दोनला परत निघायचंय."